दोन जावांचं महापूर दर्शन

कोल्हापुरात आता पुराचीही सहल निघते. अर्ध्या दिवसाची फेरी, थंडगार मिनीबस, माहीतगार गाइड, आणि पत्रकावर ठळक अक्षरांत 'वैभव आणि वेदना, एकाच फेरीत'. वैभव म्हणजे भवानी मंडप, राजवाडा आणि रंकाळा. वेदना म्हणजे आम्ही. त्या मोठ्या महापुरात नदीकडच्या पेठेतल्या ज्या घरांत माळ्यापर्यंत पाणी चढलं, त्या घरांतली माणसं. ते पत्रक वाचल्यावर माझं डोकं जे सणकलं ते संध्याकाळपर्यंत ठिकाणावर आलं नाही. यजमान म्हणाले, "अगं, लोकांना कळू दे की." मी म्हटलं, कळायचं असेल तर चिखल काढायला यायचं होतं, आता कसली गाडी घेऊन येतात?

मी स्वतः त्या पेठेत आता राहत नाही. लग्न झाल्यावर बरीच वर्षं तिथेच काढली, मग त्या महापुरानंतर आम्ही शहराच्या उंचावरच्या भागात राहायला गेलो. त्या घरात आता माझी थोरली जाऊ एकटी राहते. मी तिला अक्का म्हणते. थोरले दीर त्याच महापुरात गेले. सहलवाल्यांच्या मनात होतं की अक्काच्या भिंतीवर दिरांच्या नावाचा बोर्ड लावायचा, पाणी कुठवर आलं होतं तिथे निळी रेघ ओढायची आणि रोज गाडी दारात उभी करायची. त्यांचा माणूस परवानगीसाठी घिरट्या घालत होता. अक्कानं त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हणाली, "तुमी गाडीत बशिवलेल्या लोकास्नी काय सांगतासा, त्ये आदी मला ऐकू दे. मग काय त्ये सांगतो."

म्हणून त्यांनी तिला गाडीत दोन जागा दिल्या, फुकट. दुसऱ्या जागेवर मी. "तू चल गं संगट. त्येंचं शुद्ध बोलनं मला कळायचं न्हाय," असं अक्का म्हणाली. मी जन्मभर शाळेत शिकवलं म्हणून तिनं मला घेतलं असं कुणाला वाटेल, पण अक्काला सगळं कळतं. तिला सोबत हवी होती.

गाइड पंचविशीतला असेल. अंगात झब्बा आणि डोक्यावर तयार फेटा, टोपीसारखा घालायचा आणि काढायचा. गाडीत बसला की काढून मांडीवर ठेवायचा, उतरायच्या आधी परत डोक्यावर. गालाला चिकटलेला माईक होता. मिनीबसमध्ये मोजकी माणसं, मागच्या बाकावरच्यालाही साध्या आवाजात ऐकू गेलं असतं. पण माईकशिवाय इतिहास सांगता येत नाही अशी त्याची समजूत असावी. "नमस्कार मंडळी! कसं वाटतंय कोल्हापूर? एकदम नाद खुळा ना?" असं तो ओरडला आणि पुण्याहून आलेल्या एका बाईंनी हात वर करून "नाद खुळाऽ" म्हणून साथ दिली. बाईंच्या डोळ्यांवर परातीएवढा गॉगल होता. त्यांच्या पलीकडे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. गाइड काहीही बोलला की हे "अच्छा, अच्छा" म्हणायचे आणि मग बायकोला तेच परत सांगायचे.

भवानी मंडपात फोटो झाले. राजवाड्यात पेंढा भरलेले वाघ बघून झाले. गृहस्थांनी प्रत्येक वाघापुढे उभं राहून फोटो काढून घेतला, स्वतः मारल्यासारखा. रंकाळ्यावर गाइड म्हणाला, "हे आपल्या कोल्हापूरचं मरीन ड्राइव्ह!" मला हे ऐकलं की अंगावर काटा येतो. आमच्या तलावाला मुंबईचं नाव उसनं कशाला आणायचं? शिवाय तो म्हणाला, इथून सूर्यास्त फार सुंदर दिसतो. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तरी सगळ्यांनी माना वर करून पश्चिमेकडे बघितलं.

अक्का मात्र मजेत होती. ती गारगोटीकडच्या खेड्यातली. लग्न होऊन कोल्हापुरात आली त्याला एक आयुष्य झालं, पण राजवाडा तिनं त्या दिवशी पहिल्यांदा आतून पाहिला. वाघांपुढे ती बराच वेळ उभी राहिली. रंकाळ्यावर भेळ घेऊन कठड्यावर बसली आणि मला म्हणाली, "बरं दावत्यात की गं सगळं. मला कुनी कुठं न्हेलंय? आमची सहल म्हंजे दरसालचा पूर." मी नुसती भेळ खात राहिले. मला राग आला, कुणाचा ते त्या वेळी कळलं नाही.

मग वेदनेची पाळी आली. गाडी नदीकडे वळली तसा गाइडनं आवाज खाली आणला. "मंडळी, आता आपण थोडं गंभीर होऊया," असं म्हणून त्यानं स्पीकरवर बासरी लावली. खरंच लावली. आमच्या पेठेत त्या दिवसांत काय काय वाजलं ते मी सांगू शकते: लाकडी माळे कडकडले, पत्रे आपटले, कुत्री रडली, माणसंही रडली. बासरी काही ऐकली नाही. पण पुण्याच्या बाईंनी लगेच गॉगल काढून पर्समध्ये ठेवला. दुःख बघताना गॉगल नसावा, एवढं वळण होतं त्यांना.

गाडी अक्काच्या दारात थांबली. गाइडनं फेटा डोक्यावर चढवला आणि गोष्ट सांगायला घेतली. म्हणे, ह्या घरात एक दूधवाला राहायचा. पाणी छातीला लागलं, पोलीस म्हणत होते बाहेर या, पण गोठ्यात त्याच्या सात म्हशी बांधलेल्या. त्यानं विळा घेतला, पाण्यात उडी मारली आणि एकेका म्हशीचं दावं कापलं. शेवटची म्हैस गाभण होती. तिचं दावं कापलं आणि त्याच क्षणी लाट आली.

आमच्या गल्लीत लाट! तिथे पाणी चढलं ते बादलीत नळाचं पाणी चढतं तसं, गुमान, वर वर. पण कुणाला काय त्याचं?

"म्हशी वाचल्या का?" निवृत्त गृहस्थांनी विचारलं.

"सातही वाचल्या, सर."

"अच्छा, अच्छा!" ते म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. विधवेच्या दारात गाडी थांबवून, तिच्या नवऱ्याच्या मरणाला टाळ्या. एवढ्यानं भागलं नाही. गाइडनं हात पसरून सांगितलं की त्या वीराच्या पत्नी आज आपल्याच गाडीत आहेत. सगळ्यांच्या माना वळल्या. पुण्याच्या बाईंनी अक्काचे दोन्ही हात धरले, "किती ग्रेट आहात तुम्ही," म्हणाल्या आणि मला मोबाइल देऊन दोघींचा फोटो काढायला सांगितलं. मी काढला. मुद्दाम त्यांचं डोकं कापलं.

अक्का स्वतःच्या घराकडे बघत होती.

खरी गोष्ट अशी आहे. आमच्या म्हशी दोन. सातव्या म्हशीचं सोडाच, तिसरीही कधी दारात नव्हती. पाणी वाढणार असा रंग दिसल्याबरोबर दिरांनी त्या दोन्ही उचगावला माझ्या माहेरी नेऊन बांधल्या होत्या, आणि पूर ओसरेपर्यंत त्या माझ्या भावाच्या गोठ्यात कडबा खात ऐटीत उभ्या होत्या. दीर म्हशींसाठी गेले नाहीत. ते पूर बघायला गेले होते. आमच्या गावाला हा नाद पहिल्यापासूनचा. नदी फुगली की स्कूटरवर घरदार लादायचं, पोरं खांद्यावर घ्यायची, भजी घ्यायची आणि पुलाकडे सुटायचं. जुन्या दगडी पुलाच्या खांबांवर पाणी ठरलेल्या खुणेला टेकलं की 'मच्छिंद्री झाली' म्हणतात. ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली हे मग वर्षभर ज्याला त्याला सांगायचं असतं. घरात पाणी शिरायला लागलेली माणसंसुद्धा आधी नदीवर एक चक्कर टाकून येतात. शहाणपणाच्या नावानं सगळी बोंब. त्या दिवशी मच्छिंद्री केव्हाच बुडाली होती, तरी दिरांना जवळून बघायची होती. पोलिसांनी दोरी बांधलेली. हे दोरीखालून वाकून पलीकडे गेले. पाणी एकदा रस्त्यावर आलं की रस्ता कुठे संपला आणि नदी कुठे लागली ते काठावर जन्मलेल्यालाही कळत नाही.

दहाव्याला आलेल्या कुणा पाहुण्यानं विचारलं, "म्हशी सोडवाय गेलते व्हय?" आणि त्याला कुणी नाही म्हटलं नाही. भजी खात पूर बघताना गेले, हे सांगायला घरच्या माणसांना जड गेलं असणार. पुढे म्हशी आपोआप वाढत गेल्या. दोनाच्या चार कधी झाल्या, चाराच्या सात कधी झाल्या, आम्हालाही पत्ता लागला नाही. अक्कानं ती गोष्ट कधी स्वतःच्या तोंडानं सांगितली नाही. कुणी सांगायला लागलं की उठून आत जायची.

त्या दिवशी तिला उठून आत जाता आलं नाही. गाडी पुलाजवळ जाऊन थांबली. गाइड महापुराची वर्णनं करत होता, गृहस्थ खाली वाकून नदीचं चार बोटं पाणी बघत होते आणि जरा हिरमुसले होते. इतक्यात अक्का पुढे झाली. गाइडनं माईक काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो हातानं बाजूला सारला. अक्काला माईक लागत नाही.

"पावणं, जरा ऐकून घ्या," ती म्हणाली. "आमचं मालक म्हशीपायी गेलं न्हाईत. म्हशी उचगावला हुत्या, हिच्या म्हायरी. इचारा हिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "व्हय," मी म्हटलं. शाळेत चाळीस वर्षं मुलांना 'हो' म्हणायला लावलेल्या माझ्या तोंडून दुसरं काही आलं नाही.

"त्ये पूर बघाय आलते. हितं, ह्या अंगाला. दरसाली यायचं. मला बी आनायचं. लगीन झाल्यापास्नं कुठं न्हेलं न्हाय मला, पर पूर आला की म्हनायचं, चल, चांगलं नेसून घे. मी बी ठेवनीतलं नेसून यायचो. ह्यो मोठा कागदाचा पुडा हातात असायचा, भज्याचा. पयलं भजं मला द्यायचं. त्या साली बी म्हनलं, चल. मी म्हनलं, भांडी माळ्यावर टाकाय पायजेत, यंदा तुमी एकटंच जावा."

हे सांगताना नदीकडे तिनं बघितलं नाही.

"म्हशीसाठी जीव देनारा मानूस न्हवता त्यो. म्हशीचं श्यान काढायचं म्हनलं तर तोंड वाकडं करायचा. लई हौशी हुता. लोक सांगत्यात त्यो कोन, मला ठावं न्हाय. मी त्याच्यासंगं संसार केल्याला न्हाय."

आता टाळ्या वाजवणं शक्य नव्हतं. शेवटी निवृत्त गृहस्थ चाचरत म्हणाले, "म्हणजे, आजी, ते नुसतं... बघायलाच गेले होते?"

"नुस्तं बघाय," अक्का म्हणाली. "तुमी आनि कशाला आलायसा?"

गृहस्थांनी ह्यावेळी अच्छा म्हटलं नाही. मला इतका आनंद झाला की मी तो लपवण्याची तसदीही घेतली नाही.

परत येताना गाडीत बासरी नव्हती. पुण्याच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या, गॉगल पुन्हा डोळ्यांवर होता. गाइड सारखा मागे जाऊन फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होता. ठरल्याप्रमाणे चपलांच्या दुकानाशी गाडी थांबली, सगळ्यांनी करकर वाजणाऱ्या चपला घेतल्या आणि त्यांचे चेहरे जरा सैल झाले. वेदनेवर चपला बऱ्या पडतात असं दिसलं.

आम्हा दोघींना सोडायला गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. गाइड आमच्याबरोबर उतरला आणि दारापर्यंत आला. फेटा गाडीतच राहिला होता, आणि त्याशिवाय पोरगा बरा, साधा दिसत होता.

"मावशी, साहेबांशी बोललो," तो म्हणाला. "बोर्ड लावायला ते तयार आहेत. हवं तर त्यात हौशी हा शब्दसुद्धा घालू म्हणतात. फक्त म्हशी तेवढ्या राहू द्या."

"म्हशी न्हाईत," अक्का म्हणाली.

"अहो, पण म्हशी काढल्या तर मग त्यात राहतं काय?"

अक्कानं कमरेची किल्ली काढली, कुलपाला लावली, आणि दार ढकलता ढकलता त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "मानूस ऱ्हातोय की."