माझा ग्लोव्ह, बाबाचा हात

बेसबॉल मी निवडला तो बाबाला त्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणून. तेव्हा हे कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगायला हरकत नाही. बाबा रत्नागिरीत क्लबकडून क्रिकेट खेळलेला, आणि इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याच्या मताविरुद्ध पडदासुद्धा बदलत नसे. मी विषय कोणते घ्यायचे, केस किती कापायचे, सगळं तोच ठरवणार. निदान खेळ तरी माझा असावा, एवढंच मला हवं होतं.

अकरावीत शाळेच्या टीमसाठी निवड चाचणी ठरली आणि मी चामड्याचा ग्लोव्ह घेतला. नवा ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो. कोचने बजावलं होतं, तेल नावापुरतं लावा आणि रोज स्वतः घालून बॉल झेला, कारण ज्याचा हात आत असतो त्याच्याच हाताचं वळण चामडं घेतं. दोन दिवस मी झेलला. मग टेस्ट सुरू झाली, ग्लोव्ह हॉलमधल्या कपाटावर ठेवला आणि आठवडाभर खोलीचं दार लावून अभ्यास केला.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी बाहेर आले तर बाबा टीव्हीपुढे बसलेला, डाव्या हातात माझा ग्लोव्ह. उजव्या मुठीने त्यात ठोसे मारत होता. शेजारी अळशीच्या तेलाची बाटली आणि बॅट ठोकायची लाकडी हातोडी.

"नवीन बॅट कशी तयार करतो आपण? तेल पाजायचं आणि ठोकायचं. रोज ऑफिसवरून आलो की तासभर घालून बसतोय. बघ, कसला सॉफ्ट झालाय."

"बाबा, यू शुड हॅव आस्क्ड मी."

"त्यात विचारायचं काय? थँक यू म्हण."

मी म्हटलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. ग्लोव्ह तेलाने जड झाला होता आणि आत माझी बोटं सैल फिरत होती.

दुसऱ्या दिवशी पहिला बॉल तळव्यावर आदळला आणि निसटला. दुसराही. बाबा जाळीबाहेर उभा राहून उंटावरून शेळ्या हाकत होता, "हात पुढे घे, हात पुढे." तिसरा सुटल्यावर कोचने ग्लोव्ह मागितला, स्वतःच्या हातात घातला. त्याला तो नीट बसला.

"हू ब्रोक धिस इन?" म्हणजे हा रोज घालून मऊ कोणी केला.

"माय फादर."

मागे कोणीतरी हसलं. माझी जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

"यल्ला, चल, बस गाडीत," बाबा म्हणाला. सिग्नलला थांबेपर्यंत मी वाट पाहिली. तो सॉरी म्हणेल असं मला खरंच वाटलं होतं. त्याने मागच्या सीटवरचा ग्लोव्ह उचलला, हात घालून मूठ दोनदा मिटली, उघडली.

"ग्लोव्ह एकदम परफेक्ट आहे," तो म्हणाला. "तुझा हातच लहान पडतो."

ग्लोव्ह मी त्यालाच ठेवू दिला. पुढे कॉलेजच्या टीममध्ये मला जागा मिळाली आणि आता शारजात वीकेंडला खेळते. मॅच किती वाजता आहे, कुठे आहे, हे तो अजून विचारतो. मी त्याला सांगत नाही.