आरामखुर्चीतच पाजणार

"मॅस्टायटिस झालाय तुला," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे स्तनाला आलेली सूज. दूध आत साचून राहतं, गाठ होते, कधी इन्फेक्शन होतं आणि ताप चढतो. मी थंडीने कुडकुडत होते आणि डावी बाजू नुसती भाजत होती. बाहेर वेटिंग रूममध्ये सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. त्याचं रडणं आतपर्यंत येत होतं. मला एकच विचारायचं होतं.

"दूध बंद करावं लागेल?"

"कोण म्हणालं?"

सगळेच म्हणालेले. ताप बाळात उतरेल, आजारी बाईचं दूध बाधतं, पावडरचा डबा आणा. शेजारच्यांपासून व्हॉट्सॲपपर्यंत जो तो डॉक्टर झालेला.

सोनोग्राफीत पू दिसला नाही. "बंद अजिबात करायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "या आजाराने दूध नासत नाही. दुखऱ्या बाजूनेही पाज. गोळ्या देते, त्या पाजताना चालतात. थंड पट्टी ठेव, पण चोळून गाठ फोडायला जाऊ नकोस. आणि मला सांग, पाजतेस कुठे?"

मी सांगितलं. दिवा स्टेशनजवळ आमचं एक हॉल आणि किचन. पाजताना कुणी बघितलं तर दुधाला दृष्ट लागते, ही आमच्या घरची रीत. म्हणून मी फ्रिज आणि ओट्याच्या मधे, पाटावर, भिंतीकडे तोंड करून, वरून ओढणी घेऊन पाजायचे. पाणी आलं की तिथे बादल्या भरून ठेवायच्या, मग पाय पोटाशी घ्यायचे. त्यात बाळ बघायला रोज कोणीतरी हजर. बेल वाजली की "आण गं बाळाला!" आणि मी त्याला अर्ध्यावर तोडून बाहेर न्यायचे.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पोरगं अर्धपोटी, तू कुबड काढून बसलेली, कान बेलकडे. दूध मोकळं होणार कसं? पाठ टेकवून बस. बाळाला छातीकडे आण, तू त्याच्यावर वाकू नकोस. घरात टेकायला काही आहे का?"

होतं. सासऱ्यांची आरामखुर्ची, हॉलमध्ये, टीव्हीसमोर. पप्पा रिटायर झाल्यापासून त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. गणपतीला आलेले पाहुणेसुद्धा प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे.

घरी आले, चपला काढल्या, बाळाला सासूबाईंकडून घेतलं आणि सरळ त्या खुर्चीत बसले. पप्पा बाल्कनीतून आत आले आणि दारातच थांबले.

"सूनबाई, आत..."

"आत नाही जाणार, पप्पा. डॉक्टरांनी टेकून बसायला सांगितलंय. टेकायला घरात ही एकच जागा आहे."

आवाज कापत होता माझा. कापू दे म्हटलं. नवरा मधे पडला, "अगं, आपण दुसरी खुर्ची आणू ना."

"आण की. पण पोर आत्ता भुकेलंय."

पप्पा चप्पल घालून खाली निघून गेले आणि नंतर दोन-तीन दिवस माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले. सासूबाई पुटपुटल्या, "दृष्ट लागली म्हणजे कळेल."

"लागली तर मीठ-मिरच्या ओवाळा, आई. पण मला उठवू नका."

पहिल्यांदा दुखऱ्या बाजूला घेतलं तेव्हा ब्रह्मांड आठवलं. डोळ्यांतून पाणी आलं, तरी उठले नाही. कोपराखाली उशी, पायाखाली पालथी बादली. खांदे सैल सोडायचे, एक लांब श्वास सोडायचा, बाळाने तोंड मोठं उघडलं की मगच जवळ ओढायचं. हळूहळू बाळाचा घोट ऐकू यायला लागला. ताप उतरला, गाठही मऊ पडत गेली.

बायांनो, ताप आणि गाठ दिसली तर घरगुती सल्ले ऐकत बसू नका, दवाखाना गाठा. आणि तुमच्याही घरात अशी एखादी खुर्ची असेलच. परवानगी कसली मागताय? बसा.

मग एका दुपारी बाळकुमला राहणाऱ्या आत्या आल्या, पप्पांची सख्खी बहीण. बेल वाजली तसं सवयीने माझं बोट बाळाला तोडायला पुढे गेलं. मी ते मागे घेतलं.

"अगो बाई, हॉलमध्ये? आत जा की गं!" आत्या दारातूनच म्हणाल्या.

पप्पा स्टुलावर बसून टीव्ही बघत होते. मान न वळवता म्हणाले, "ती कुठेही जाणार नाही. पोर जेवतंय. तुला बघवत नसेल तर तू आत जा. आणि जातेच आहेस तर चहा टाक."

आत्या आत गेल्या. भांडी जरा आपटली, पण चहा केला.

मी तो खुर्चीतच प्यायले.