पडदा मळलाय

प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि मतदार यादीला तेवढं ठाऊक. बाकी जग त्याला लख्खदादा म्हणे. काम हातात घेताना तो एकच वाक्य बोलायचा आणि त्यातला 'ख' असा आपटायचा, की समोरच्याने रुमालच काढावा. "काळजी सोडा. लख्ख्ख करून देतो!"

प्रकाशाबद्दल बोलायला लागला की त्याला आवरणं कठीण. "दिव्यातून निघतात शंभर वाटे. पडद्यावर पोचतात पाच-सहा. मधले कुठे गेले? थोडे आरशाने खाल्ले, थोडे भिंगांनी, आणि रंगाच्या चकतीने तर हात धुऊन घेतले! वडिलांच्या जमिनीसारखं आहे हे. माझं काम काय? वाटेकऱ्यांना आवरायचं." नर्सिंग कॉलेजच्या मुलींना हे भाषण पाठ होतं. तो जिन्यावर दिसला की कुणीतरी मागून हळूच म्हणे, "वाटेकरी आले गं."

त्या कॉलेजच्या मोठ्या वर्गातला प्रोजेक्टर त्याने साफ केला, तिथून सगळं बिघडलं. आतल्या आरशावर धूळ बसली होती. घरच्या आरशाची चकाकी काचेच्या मागे लपलेली असते. या आरशाची अगदी पुढे, उघड्यावर. त्याला बोट लावायचं नाही, फक्त रबरी फुंकणीने हवा मारायची, हे तो शिकाऊ लोकांना डोळे वटारून सांगायचा. पण त्या दिवशी फुंकणी घरी राहिली. मुली वर्गात शिरायला लागल्या होत्या. त्याने आरशावर 'हाऽऽह' केलं, सदऱ्याच्या टोकाने गोल गोल पुसलं, झाकण लावलं आणि तपासून न बघताच निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंचा फोन. मोठ्या बाई म्हणजे प्राचार्या. त्यांचं कुठलंही वाक्य 'कळलं?' म्हटल्याशिवाय संपायचं नाही. "दिव्याखाली अंधार ऐकलं होतं. आमच्याकडे दिव्यापुढेच अंधार आहे, कळलं? काल मी मुलींना नाडी दाखवत होते, त्यांना ती चपलेचा पट्टा वाटली."

तो धावत गेला. दिवा नवा घातला. चित्र तसंच, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखं. मग झाकण उघडून टॉर्च मारली, आणि आरशावर शेकडो बारीक ओरखडे दिसले, गोल गोल, त्याच्याच हाताच्या वळणाचे. प्रकाश तिथे आपटून दाही दिशांना पळत होता. त्याने झाकण पटकन लावलं.

"काय झालंय?" दारातून मोठ्या बाईंनी विचारलं.

तोंडातून आपोआप निघालं, "पडदा मळलाय."

पडद्याची जबाबदारी कॉलेजच्या शिपाई मावशींची. बावीस वर्षं वर्गाची किल्ली त्यांच्या कमरेला होती. मोठ्या बाई त्यांच्याकडे वळल्या. "चार दिवस देते. पडदा सांभाळता येत नसेल तर किल्ली इथे ठेवा. तळमजल्यावर बाटल्या धुवायला माणूस हवाच आहे, कळलं?"

मावशी त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या तेव्हा उलट त्यालाच समजावत होत्या. "तू नको मनाला लावून घेऊस, माझ्या राजा. तू काम चोख करतोस. माझ्याच हातून झालं असेल काहीतरी."

त्याने चहा तसाच ठेवून हत्यारं आवरली.

पहिल्या दिवशी त्यांनी पडदा साबणाने धुतला. दुसऱ्या दिवशी सोड्याने. तिसऱ्या दिवशी तो उगाच चक्कर मारायला गेला, तर त्या शिडीवर चढलेल्या, बोटांची सालं निघालेली. "लख्खदादा, आता अजून कशाने धुऊ रे?"

"राहू द्या," तो म्हणाला. त्यापुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळून तो जिना उतरला. घरी बायकोने विचारलं, "आज लख्ख नाही झालं वाटतं?" तो जेवणावरून उठला.

चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या बाई वर्गात येऊन बसल्या. प्रोजेक्टर लावला. चित्र मंदच. त्यांनी हात पुढे केला, किल्लीसाठी. मावशी म्हणाल्या, "एक मिनिट, बाई." आणि पिशवीतून नवीकोरी चादर काढली, घडीसुद्धा न मोडलेली. "जुना पडदा काही माझं ऐकत नाही. यावर बघू या."

दोन मुलींनी चादर ताणून धरली. पांढरीशुभ्र चादर. आणि तिच्यावरही चित्र तेवढंच मंद, तसूभरही फरक नाही.

सगळ्यांना एकदम समजलं.

"म्हणजे पडद्याची चूक नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग कुणाची?"

दिवा खराब निघाला, म्हणता आलं असतं. कारखान्यावर ढकलता आलं असतं. वाटेकरी पुष्कळ होते. त्याने चादरीकडे बघितलं, मग त्या सोललेल्या बोटांकडे.

"माझी. आतला आरसा मी सदऱ्याने पुसला. पडदा मळलाय म्हणालो, तेव्हाच मला कळलं होतं."

मावशींनी मुलींच्या हातातून चादर घेतली. मग चादरीची घडी घालत म्हणाल्या, "मग तीन दिवस मी कुणाचं पाप धूत होते रे?"

'माझ्या राजा' त्यात नव्हतं.

किल्ली कमरेलाच राहिली. पुढच्या आठवड्यात नवा आरसा आला. त्याने तो फुंकणीने साफ करून, श्वास रोखून बसवला. दिवा लावला, आणि असा उजेड पडला की पहिल्या रांगेतल्या मुलींनी डोळे किलकिले केले. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणा की, दादा! लख्ख्ख!"

तो पडद्याकडेच बघत राहिला. कारण त्या उजेडात पडद्यावर वरून खालपर्यंत ओघळ दिसत होते, साबणाचे, सोड्याचे. मंद चित्रात ते कधी दिसलेच नव्हते. पहिलं चित्र गेलं, दुसरं आलं, ओघळ तिथेच.

"पडदा मी बदलून देतो," तो खाली बघत मावशींना म्हणाला.

"काही नको," मावशी म्हणाल्या. "राहू दे तसाच."