एडनाला पसंत पडलेला सायलेन्सर

व्हर्लिन कुचेराचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर साडेचारचा लावलेला असे, पण एकतीस वर्षांत त्याने तो एकदाही वाजू दिला नव्हता. त्याची बायको अर्डिस म्हणायची, "मग लावतोस कशाला?"

"एखाद्या दिवशी मी मेलो तर तुला कळायला नको?"

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत जानेवारीत सातपर्यंत उजाडत नाही. तोवर तेरा पोती गोळीपेंड पिकअपच्या मागच्या पेटीत ओतून व्हायला हवी. एक पोतं पन्नास पौंडांचं. ते उचलायचं गुडघ्यांत बळ घेऊन, कमरेत नाही. ओतून झाल्यावर झटकायचं, कारण प्रत्येक पोत्याच्या तळाशी मूठभर पेंड राहते आणि तेरा मुठींत एका गाईचं भागतं. व्हर्लिन एकसष्ट वर्षांचा होता. पोती अजून तोच उचलायचा आणि तोच झटकायचा. जमीन मालकाची, गाई मालकाच्या, पण पिकअप त्याची स्वतःची. तेलाचे पैसे मालक द्यायचा.

गाई तीनशे दहा. सगळ्या काळ्या. रात्री त्या टेकड्यांच्या घळींत कुठेही पांगून बसायच्या. त्यांना शोधत फिरायची पाळी व्हर्लिनवर कधी आली नाही, कारण त्याच्या जुन्या हिरव्या पिकअपचा सायलेन्सर एकोणीस वर्षांपूर्वीच गंजून फुटला होता. शेवटच्या टेकडीवर गाडी आली की तिचा आवाज दोन मैलांवर जायचा, आणि गाई चारी बाजूंनी आपल्या पायांनी चालत यायच्या. तो गाडी थांबवायचा, पेंड ओतायचा, मोजायचा. नवाच्या ठोक्याला काम संपलेलं. पंचक्रोशीत कुणाच्याही गाई इतक्या शिस्तीच्या नाहीत, असं व्हर्लिन म्हणायचा. शिस्त गाडीच्या भोकाची आहे, असं अर्डिस म्हणायची.

डिसेंबरात हिरव्या पिकअपचं इंजिन थंडीने फुटलं. नाताळनंतर व्हर्लिनने दुसरी घेतली. पांढरी, जुनीच, पण निगुतीने वापरलेली. आधीचा मालक दातांचा डॉक्टर होता. गाडी इतकी गुपचूप चालायची की अर्डिस म्हणाली, "पेशंट पळून जाऊ नयेत म्हणून घेतली असेल त्याने."

सोमवारी तो नवी गाडी घेऊन टेकडीवर गेला आणि थांबला. एकही गाय आली नाही. त्याने हॉर्न वाजवला. पलीकडच्या घळीत जी वीसेक काळी डोकी दिसत होती, तीही पाठ फिरवून चालू लागली. त्यात त्यांची चूक नव्हती. हिरव्या गाडीपुढे गाई गर्दी करायच्या तेव्हा त्यांना बाजूला सारायला व्हर्लिन हॉर्न वाजवायचा. हॉर्न म्हणजे "हट", हे त्यानेच त्यांना एकोणीस वर्षं शिकवलं होतं.

मग तो हाका मारत फिरला. वारा हाका परत तोंडात घालत होता. दुपारी एकपर्यंत दोनशे सत्तर गाई जमल्या. मंगळवारी तेच. बुधवारी घसा बसला तेव्हा ब्रेंट त्याला भेटायला आला.

ब्रेंट म्हणजे मालकाचा जावई. दोन वर्षांपासून कारभार त्याच्याकडे होता. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्याकडे कॅटलॉग फार असत.

"व्हर्लिन, यात एक सायरन आहे," तो म्हणाला. "बटण दाबलं की वाजतो. दोन आठवड्यांत गाई शिकतील. मग पेंड घालायला कुणीही गेलं तरी चालेल. तुम्ही आपले शेडमध्ये या. ट्रॅक्टर दुरुस्त करा. तिथे शेगडी आहे, उबेत बसाल."

"मला ऊब नकोय," व्हर्लिन घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"रविवारी वादळ येतंय. शनिवारी सगळ्या गाई खालच्या कुरणात यायला हव्यात, झाडांच्या आडोशाला. हाका मारून आणणार आहात तीनशे दहा?"

"आणीन."

"शनिवारी मी येतो सोबत. नाही आल्या तर सोमवारपासून सायरन."

व्हर्लिनने मान हलवली. घरी येऊन तो जेवणाच्या टेबलाशी बसला आणि पुढ्यातल्या बटाट्यांकडे बघत राहिला. शेडमध्ये उबेत बसणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. आधीचा गडी तिथे बसला आणि दोन हिवाळ्यांत त्याला पोतं उचलवेना.

"मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसव," अर्डिस म्हणाली.

"ती पोराटोरांची कामं."

"मग सायरन बसव."

गुरुवारी दुपारी तो चाळीस मैलांवरच्या गावात लॉएल स्टेंगरच्या गॅरेजात गेला. लॉएल सव्वीस वर्षं वेल्डिंग करत होता. त्याने जोडलेल्या सांध्यावरून नख फिरवलं तर अडत नसे. दुकानाच्या भिंतीवर चकचकीत नळ्या टांगलेल्या होत्या, गावातली पोरं शनिवारी मोठ्या रस्त्यावर गाड्या गुरगुरवत फिरतात त्यांच्यासाठी.

"सगळ्यात मोठ्या आवाजाचा कोणता?" व्हर्लिनने विचारलं.

लॉएलने हात पुसले. त्याच्याकडे नीट बघितलं. "अर्डिसला माहीत आहे?"

"तिनेच पाठवलंय."

"बरं. आणि जिच्यासाठी घेतोयस ती दुसरी कोण, तेही अर्डिसला माहीत आहे?"

"लॉएल, कामाचं बोल."

"अरे, एकसष्टाव्या वर्षी माणूस भोंगा लावून फिरायला लागला की गावाने काय समजायचं? पुढच्या आठवड्यात केस काळे करशील."

त्याने तीन सायलेन्सर काढून दाखवले. पहिला खाकरायचा. दुसरा डरकाळी फोडायचा. तिसरा असा होता की लॉएलने नुसतं त्याचं वर्णन करतानाच आवाज खाली आणला, चर्चमध्ये बोलावं तसा. व्हर्लिनने तिसरा घेतला. लॉएलने दोन तासांत बसवून दिला. घरी येताना खिडक्या थरथरत होत्या. अर्डिसला तो सहा मैलांवरून ऐकू आला. तिने तेव्हाच केक ओव्हनमधून बाहेर काढला, बसेल म्हणून.

शुक्रवारी सकाळी व्हर्लिन टेकडीवर पोचला. सगळीकडच्या घळींतून काळी डोकी वर झाली. त्याचं काळीज फुललं. त्याने आणखी जोरात पाय दाबला. तीनशे दहा गाई एकसाथ वळल्या आणि कुंपणाच्या तारा तोडून शेजाऱ्याच्या जमिनीत गेल्या.

त्यांना परत आणायला दुपारचे बारा वाजले. शेजाऱ्याने मदत केली आणि टोमणाही मारला. "व्हर्लिन, विमान घेतलंस का रे?"

तार ओढून झाल्यावर व्हर्लिन खांबाला टेकून उभा राहिला. विचार करणं हेही त्याच्या लेखी काम होतं आणि ते तो उभ्यानेच करायचा. मोठा आवाज पुरेसा नव्हता. त्यांना *तोच* आवाज हवा होता. आणि तो आवाज नेमका कसा होता हे त्याला सांगता येईना. एकोणीस वर्षं त्याच्या बुडाखाली वाजत होता, त्यामुळे त्याने तो कधी ऐकलाच नव्हता.

ज्यांनी ऐकला होता, त्यांतली एक त्याच्या समोर उभी होती. एडना, कळपातली सगळ्यात म्हातारी गाय, चौदा वर्षांची. कळप तिच्या मागे चालायचा. तिचं नाव व्हर्लिनने सासूवरून ठेवलं होतं. अर्डिसला त्याचा राग नव्हता. "हाकेला माझी आई कधी आली नाही," ती म्हणायची. "ही बरीच बरी."

तीन वाजता व्हर्लिन लॉएलच्या दारात हजर झाला. मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये एडना.

"बसवलेला माल परत घेत नाही," लॉएल दारातूनच ओरडला.

"परत द्यायचा नाही. भोक पाड त्याला."

"काय पाड?"

व्हर्लिनने सगळं सांगितलं. लॉएल ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"हे बघ," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं मी भोकं बुजवतोय. जाणूनबुजून वाईट काम मी केलेलं नाही. कोऱ्या नळीला भोक? स्क्रूड्रायव्हर घे, हातोडी घे, घरी जाऊन ठोक कुठेही."

"कुठेही ठोकून चालणार नाही. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

 हे वाक्य लॉएलला लागलं, पण चांगल्या जागी लागलं.

"ती जुनी गाडी कधी आवाज करायची?" त्याने विचारलं. "चढावर की उतारावर?"

व्हर्लिनने डोळे मिटले. "टेकडीच्या माथ्यावर मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचो."

"मग तू दाबून काय बघतोयस, गाढवा? पाय काढल्यावर भोकातून थंड वारा आत ओढला जातो आणि आतला धूर फुटतो. फुटका सायलेन्सर तिथे बोलतो. ती गाय इकडे मागे आण."

ट्रेलर गाडीच्या मागे पंधरा पावलांवर लावला. लॉएल गाडीखाली गेला. पहिलं भोक पेन्सिलीएवढं पाडलं. व्हर्लिनने पाय दाबला, सोडला. नळी पुटपुटली. एडना रवंथ करत राहिली.

"नाही म्हणते," व्हर्लिन म्हणाला.

दुसरं भोक मोठं. नळी भडभडली. एडनाने एक कान हलवला, तो बहुधा माशीसाठी, पण जानेवारीत माशी नसते म्हणून दोघांनी त्याची नोंद घेतली. लॉएलने पहिलं भोक बुजवलं, सांधा घासून गुळगुळीत केला आणि मगच पुढे सरकला.

"ते कशाला घासतोस? गाडीखाली कोण बघतंय?"

"मी बघतोय."

तिसरं भोक पाडेपर्यंत समोरच्या धान्याच्या कोठारातली चार माणसं कॉफीचे कप घेऊन रस्ता ओलांडून आली होती.

"लॉएल, गिऱ्हाईक कोणतं? गाडीतलं की ट्रेलरमधलं?"

"ट्रेलरमधलं. तिला कळतं तरी."

"उधारीवर आहे का ती?"

"दूध देऊन फेडेल."

"ही मांसाची जात आहे. दूध वासरापुरतंच," व्हर्लिन गंभीरपणे म्हणाला. चौघं हसले. तो हसला नाही. उजेड उतरत चालला होता आणि उद्या शनिवार होता.

तिसऱ्या भोकाला एडनाने पाठ दाखवली. लॉएल बाहेर आला, पाठीवरचा बर्फ झटकला, गुडघे चोळले, आणि पुन्हा गाडीखाली जाऊन नळीवरून बोटं फिरवली. मग इंजिनाच्या बाजूने हातभर मागे, वरच्या अंगाला, जिथे जुन्या गाड्यांना चिखल साचून आधी गंज लागतो, तिथे खडूने खूण केली. चौथं भोक त्याने चार वेळा थांबून, कानसीने कडा थोडी थोडी वाढवत पाडलं.

व्हर्लिनने पाय दाबला आणि सोडला. भड-भड-भड-फुर्र.

एडनाचं रवंथ थांबलं. दोन्ही कान पुढे आले. तिने मान लांब केली, ट्रेलरच्या गजांतून नाक बाहेर काढलं आणि असा हंबरडा फोडला की कोठारवाल्यांपैकी एकाची कॉफी सांडली. मग ती गजांना धडका देऊ लागली. तोंडातून लाळ गळत होती.

"झालं," लॉएल म्हणाला. त्याने उरलेली दोन भोकं बुजवली. घासलीसुद्धा. मग व्हर्लिनने पुन्हा एकदा पाय दाबून सोडला, आणि एडना पुन्हा हंबरली.

शनिवारी सकाळी ब्रेंट शेजारी बसला. शेजारी बसणाऱ्याने फाटकं उघडायची, हा तिकडचा नियम आहे, मग तो मालकाचा जावई का असेना. चार फाटकं. चौथ्यापर्यंत ब्रेंटची बोटं हातमोज्यातही बधिर झाली. टेकडीच्या माथ्यावर व्हर्लिनने पाय काढला. गाडी बोलली. त्याने ती बंद केली आणि काच खाली केली.

काहीच हललं नाही. ब्रेंटने घड्याळ बघितलं. व्हर्लिनने समोर बघितलं. त्याचा घसा अजून बसलेलाच होता, त्यामुळे हाक मारायचा मोह झाला असता तरी मारता आली नसती.

मग उजवीकडच्या घळीतून, आदल्या रात्री कळपात परत सोडलेली एडना वर आली. पळत. चौदा वर्षांची गाय पोट हलवत पळत आली आणि तिच्या मागे, डाव्या घळीतून, पवनचक्कीकडून, पार शेजाऱ्याच्या तारेपासून, काळे ठिपके ओळी धरून निघाले. व्हर्लिन मोजत होता. ब्रेंटनेही मोजायचा प्रयत्न केला आणि दीडशेला सोडून दिला.

"तीनशे नऊ," व्हर्लिन म्हणाला. थोड्या वेळाने एक लंगडी गाय माथ्यावर आली. "दहा."

तो गाडी हळूहळू खालच्या कुरणाकडे घेऊन गेला. प्रत्येक उतारावर पाय काढत होता. कळप मागून येत होता.

"बरं," ब्रेंट म्हणाला. "सायरनचं राहू द्या. पेंड तुमच्याकडेच."

"मागचं फाटक लावलंस ना?"

ब्रेंट गाडीतून उतरला आणि अर्धा मैल मागे चालत गेला.

महिनाअखेरीस पगाराचा चेक हातात पडला तसा व्हर्लिन लॉएलकडे गेला आणि हिशोब चुकता करून आला. बिल त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. अर्डिसने चष्मा लावला.

"सायलेन्सर, एक," तिने वाचलं. "हे समजलं. भोकं पाडणे, चार. त्यातली बुजवणे, तीन. मजुरी, चार तास." तिने चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे जानेवारीचा अर्धा पगार एका भोकाला गेला?"

"चार तास लागले त्याला."

"घासाघीस केली नाहीस?"

"त्याने कामात घासाघीस केली का? काम झालंय ते बघ."

अर्डिसने कोट चढवला, बूट घातले आणि ती अंगणात गेली. दुपारचं ऊन बर्फावर होतं. तिने गोणपाट टाकलं, त्यावर गुडघे टेकले आणि गाडीखाली डोकं घातलं. व्हर्लिन पायरीवर उभा राहिला, हात खिशात घालून.

"सापडलं?"

"सापडलं." तिने कडेवरून नख फिरवलं; कुठे अडलं नाही. "गोल आहे अगदी."