दहा वाजता, पासिर रिसच्या किनाऱ्यावर

समुद्रावरून घरी आलं की चपला झटकाव्यात, पाय धुवावेत, टॉवेल झाडावा. तरी चार दिवसांनी उशीखाली वाळू सापडतेच. आमच्या सिंगापूरच्या मंडळातल्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा तर दुसरा खिशातून निघतो. त्यातलं किती मला खरंच आठवतं आणि किती मी सांगता सांगता सुधारून घेतलंय, याची खात्री देत नाही. सत्तरीनंतर मी कशाचीच खात्री देत नाही. तरी सांगतो.

मार्चमध्ये इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यात अख्खं सिंगापूर किनाऱ्यावर उतरतं. तंबू, सायकली, पतंग, शेगड्या. पाय ठेवायला जागा नसते. आणि नेमक्या त्याच रविवारी पासिर रिसच्या किनाऱ्यावर आमच्या मंडळाचं संमेलन. पूर्वी साठ-सत्तर माणसं यायची. मग पुण्या-मुंबईहून आयटीवाली मुलं संसारासकट येऊ लागली आणि आकडा चारशेवर गेला.

आदल्या वर्षी फजिती झाली होती. दहाचा कार्यक्रम, लोक आले साडेबाराला. तोवर सगळ्या झाडांखाली दुसऱ्यांचे तंबू. आम्ही कारपार्कशेजारी उन्हात बसून आंबलेलं दही खाल्लं. बुकित तिमाहला राहणारे आमचे बँकवाले कुलकर्णी तिथेच म्हणाले, "आणखी एक वर्ष देतो. फसलं तर पुढच्या वेळेपासून माझ्या कॉन्डोतला एसी हॉल. ऐंशी माणसं, यादीप्रमाणे."

यादीप्रमाणे! माझी बायको सुमन इथे आली तेव्हा सहा महिने तिच्याशी मराठीत बोलणारा मी एकटाच होतो, आणि मी फार बोलत नाही. तिला पहिली मैत्रीण मिळाली ती याच वाळूत. त्या वर्षी यादी असती, तर आमचं नाव तिच्यात नसतं.

*

तयारीचा प्रमुख म्हणून मला नेमलं. मी हात जोडले. म्हटलं, "अहो, माझी पीएचडी नदीच्या गाळावर आहे."

"मग वाळूच की," वृंदाताई म्हणाल्या. ठराव मंजूर.

वृंदाताई म्हणजे तोआ पायोहच्या. वीस वर्षं अकाउंटंट, आवाज शाळेच्या हेडबाईंचा. मंडळाच्या अध्यक्ष कधीच नव्हत्या. अध्यक्ष त्यांना विचारून बोलायचे.

*

आठवडाभर आधी आम्ही दोघं जागा बघायला गेलो. मी टेप लावून मोजत होतो, त्या पदर खोचून पावलांनी मोजत होत्या. दोन्ही मापं सारखी आली. मी टेपवर संशय घेतला.

जवळच एक चिनी आजोबा गळ टाकून बसले होते. बराच वेळ आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "अंकल, यू बिल्ड व्हॉट?"

"नथिंग," वृंदाताई म्हणाल्या. "संडे लंच. फोर हंड्रेड पीपल."

आजोबांनी शांतपणे गळ गुंडाळला. "संडे आय गो अदर साइड."

"बघा सर, एक झाड मोकळं झालं," वृंदाताई म्हणाल्या.

*

तिथे मांस भाजायच्या पक्क्या शेगड्या बांधलेल्या आहेत. परवानगी काढून चार मिळवल्या. दोन चिकनला, दोन वांग्यांना. लगेच भांडण. शाकाहारी म्हणाले, चिकनचा धूर आमच्या वांग्यांवर येता कामा नये. म्हणजे वारा कुठून वाहतो ते बघा. म्हणजे सरांना सांगा.

मी तीन दिवस किनाऱ्यावर रुमाल धरून उभा राहिलो. वही भरली. बैठकीत अहवाल वाचला. निष्कर्ष: वारा बदलू शकतो.

"हे सांगायला पीएचडी लागते?" कुलकर्णींनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ठामपणे काही न सांगायला लागते."

शेवटी वृंदाताईंनी निकाल दिला. वांगी आधी भाजायची, चिकन नंतर. वाऱ्याचा प्रश्नच मिटला. मी वही घरी नेली.

*

खरी काळजी सावलीची. परवानगी शेगड्यांची मिळते. झाडं ज्याची त्याने आधी येऊन धरायची. आमचा सेक्रेटरी निखिल, तरुण, टॅम्पिनीसचा, म्हणाला, "काका, सोपं आहे. इथे हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेल्यावर टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल आपलं. कोणी हात लावत नाही. तसंच झाडाखाली ठेवू."

गुरुवारी त्याने तालीम केली. वीस पाकिटं, वीस जागा. मग तो नारळपाणी प्यायला गेला. परत आला तर झाडू मारणाऱ्या एक मलाय बाई सगळी पाकिटं पिशवीत भरून उभ्या होत्या. त्यांनी त्याला दहा मिनिटं कचऱ्यावर भाषण दिलं आणि वर पिशवी हातात दिली.

"टेबल पाहिजे काका," निखिल मला म्हणाला. "टेबलाशिवाय ही पद्धत चालत नाही."

*

म्हणजे उपाय एकच: लोक वेळेवर यायला हवेत. आणि इथे मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धाडस केलं.

रात्रंदिवस विचार करून मी निखिलला फोन केला. म्हटलं, "कार्यक्रम दहालाच. पण लोकांना नऊ सांग. आपले लोक तासभर उशिरा येतातच. हे फक्त तुझ्यामाझ्यात."

निखिलने दोन्ही वेळा स्वतःशी म्हणून पाहिल्या. मग म्हणाला, "काका, जीनियस."

मला जीनियस आजवर कोणी म्हटलं नव्हतं. गाइडसुद्धा नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली. निरोप जायचे ते फोनच्या साखळीने: निखिल पाच जणांना सांगणार, ते पाच प्रत्येकी पाचांना, असं करत घरोघर.

*

रविवारी सकाळी सहालाच सुमन साडी नेसून तयार.

"अहो, निघायचं ना? मंडळातून फोन आला होता, सातला या म्हणून."

मी हसलो. मला कधी नव्हे ते अगदी स्वच्छ दिसत होतं. "अगं, ते सात, आठ, नऊ सगळं लोकांसाठी. खरी वेळ मला माहिती आहे. ती मीच ठरवली आहे. चहा टाक."

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी तिच्यासमोर पहिल्यांदाच वापरला असावा. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दोन वेळा चहा घेतला. पेपर वाचला. नातीला, सईला, घेऊन टॅक्सीने निघालो आणि बरोबर सव्वानऊला पोहोचलो. पाऊण तास आधी. कारपार्क भरलेलं. पुढे झालो. एकूण एक झाडाखाली माणसं. सतरंज्या, डबे, पोरं, बॅडमिंटन. हातभर सावली शिल्लक नाही. संपलं, मला वाटलं. एसी हॉल. ऐंशी माणसं.

"अहो," सुमन म्हणाली, "त्या सतरंज्या आपल्या आहेत."

मग वांग्यांचा वास आला.

सगळे आले होते. सगळे, म्हणजे चारशे. निखिल धावत आला. घाम, हसू, दोन्ही. "काका, मी पण तुमचीच युक्ती लावली. पाच जणांना साडेआठ सांगितलं!"

"मी पुढे आठ सांगितले," वृंदाताई मागून म्हणाल्या. "ज्यांना सांगितले त्यांनी साडेसात केले. आणि बायकांनी नवऱ्यांना सात. सातला इथे जेमतेम उजाडतं सर, माणसं टॉर्च घेऊन उभी. आयोजकांपैकी कोणी नाही! मग काय, आज्यांनी शेगड्या पेटवल्या, इंजिनिअरांनी झाडं वाटून घेतली. चिकन, वांगी, तुमचा काय तो वारा, सगळं निघालं निभावून."

नऊच्या सुमाराला एका ऑफिसातली वीस-पंचवीस मंडळी सावली शोधत आली होती. त्यांना आमच्या लोकांनी एक झाड सोडलं होतं. ती भाकरी-भरीत खात बसली होती, आणि त्यांच्या मधोमध कुलकर्णी, बनियनवर, भरीत कसं करतात ते इंग्रजीत समजावत होते. मला बघून त्यांनी हात वर केला.

"सर, पुढच्या वर्षी शेगड्या आठ घ्या. चार पुरत नाहीत."

एवढ्यात कोणीतरी मोठ्याने विचारलं, "तयारी प्रमुख आले का?" चारशे डोकी माझ्याकडे वळली. मी घड्याळ पाहिलं. नऊ सतरा.

"आजोबा," सई इथल्या शाळेतल्या इंग्रजीत कुजबुजली, "वी आर अर्ली, ला."

वृंदाताईंनी माझ्या हातात पत्रावळ ठेवली.

"या सर, बसून घ्या. तिसरी पंगत आहे, शेवटची."