फायनलच्या आदल्या दिवशीची माती

जेवण झालं की मी कॉटवर आडवा होतो आणि डोळा लागेपर्यंत काहीतरी वाचतो. आज छातीवर माझीच पानं आहेत. कासारपेठच्या नदीवेस तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाला पंचाहत्तर वर्षं होतायत, त्याची स्मरणिका मी लिहिलीय. आयुष्यभर वर्तमानपत्रात क्रीडावार्ताहर होतो, त्यामुळे हे काम माझ्याकडेच येणार हे ठरलेलं होतं. एक परिच्छेद सोडला तर सगळं पूर्ण आहे. संध्याकाळी छापखान्याचा माणूस पानं न्यायला येईल.

परिच्छेद एकोणऐंशी सालच्या फायनलचा. आमचा संघ कोल्हापुरात फायनल खेळला तो एकदाच. बरोबरी चालली होती, सामना संपत आला होता, आणि सरळ अंगावर आलेला साधा चेंडू आमचा गोली रवळू शिंत्रे याच्या हातातून निसटून गोलात गेला. समोरचा संघ कोल्हापुरातल्या ज्या पेठेचा, त्याच पेठेत रवळूची सासुरवाडी. गावानं परतीच्या ट्रकमध्येच निकाल लावला: जावयानं सासऱ्याला मॅच दिली. रवळू पुन्हा कधी गोलपोस्टात उभा राहिला नाही. मरेपर्यंत गावात त्याला 'जावईबापू' म्हणत.

मी लिहिलंय, 'चेंडू गोलरक्षकाच्या हातून निसटला. कारण समजू शकलं नाही.' मंडळाचे अध्यक्ष नलवडे यांना ते पसंत नाही. "एवढंच? अहो, जावईबापूचा किस्सा घाला की! लोक पुस्तक उघडणार ते त्यासाठीच."

आणि काल रवळूची बायको गौराक्का दारात येऊन गेली. चहा नको म्हणाली. "माझ्या म्हायेराचं नाव पुस्तकात येणार हाय म्हनं. बोललेलं वाऱ्यावर जातंय ओ. छापलेलं नातवंडं वाचत्यात." एवढं बोलून उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरली.

पंखा घरघरतोय. घरघर जाड होते, तिला ठेका येतो, आणि ती हलगी आहे हे मला कळतं.

मी ट्रकच्या हौद्यात उभा आहे. उसाचा ट्रक, फळ्यांना पाचट चिकटलेलं. माणसं दाटीनं उभी आहेत, पण चेहरे पाठमोरे. शेजारी स्टेपनीवर रवळू बसलाय. तो गेला त्या वयाचा आहे, पांढऱ्या मिशांचा, पण अंगात संघाची निळी जर्सी आहे. पोटावर ती ताणली गेलीय.

"आलास व्हय पेपरवाल्या," तो म्हणतो. "बस. लांब जायाचं हाय."

"अण्णा, तुम्ही तर…"

"व्हय, मेलोय. बस."

मी बसतो. स्टेपनी उन्हानं तापलीय. रवळूच्या मांडीवर मळक्या फडक्याची गाठ आहे. ती मला ओळखीची आहे. आमचा संघ पैलवानांनी काढला. बेळगावच्या पलटणीतून सुटून आलेल्या एका हवालदारानं चामड्याचा चेंडू आणला आणि सकाळी शड्डू ठोकणारी माणसं संध्याकाळी नदीकाठच्या माळावर तो लाथाडायला लागली. गोलपोस्ट बाभळीचे, बूट कुणालाच नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी तालमीतून बरोबर नेली. सामन्याला जाताना आखाड्यातली लाल माती फडक्यात बांधून घ्यायची आणि गोलीनं दोन्ही हाफच्या आधी ती तळव्यांना चोळायची. पैलवान घामेजल्या अंगावर माती टाकतो ती पकड यावी म्हणून. तेच इथे. आता आमचा गोली मानधनावर घाना देशातून येतो आणि हातमोजे घालतो. आखाडाही कधीच बुजवला, तिथे फरशी घालून जिम केलीय.

"चरबीचा वास येतोय का?" रवळू विचारतो.

येतोय. चामड्याच्या चेंडूला बकऱ्याची चरबी लावून रात्रभर मारुतीपुढे ठेवायचे, तो वास. कितीतरी वर्षांत आला नव्हता.

"फायनलला मारुतीसुदिक फुटबॉलचा वास मारत हुता," असं म्हणून तो हसतो. हसताना दात पडल्याची जागा दिसते.

ट्रक थांबत नाही, तरी आम्ही तालमीत आहोत. कौलातून उन्हाचे पट्टे आखाड्यावर पडलेत. आमच्या तालमीचे इराप्पा वस्ताद लंगोट लावून गुडघ्यांवर बसून माती मळतायत. त्यांचा हात आखाड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. बाजूला ताकाची घागर, हळद, काव, लिंबांची पाटी. आणि तेलाचा एक डबा.

"ही माती नागपंचमीला मळतात ना?" मी हळूच विचारतो.

"फायनलच्या आदल्या दिवशी परत मळली. वस्ताद म्हनला, पोरं कोल्हापूरला चाल्ल्यात, त्यास्नी जुनी कोरडी माती देऊ व्हय? घाण्यावनं सोता डबा आनला."

वस्ताद डबा उलटा करतात. तेल संपत नाही. माती काळपट लाल होत जाते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे आणि चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातल्या बापाचा आनंद.

"पुरे की वस्ताद," मी म्हणतो. ते वळत नाहीत.

"ऐकायचं न्हाईत," रवळू म्हणतो. "तवा बी ऐकलं नसतं."

तो फडक्यात माती बांधतो. गाठ मारेपर्यंत आमच्या भोवती मैदान आहे. पण प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर माझ्या जुन्या कचेरीतली टेबलं मांडलीत आणि टेबलांवर टाइपरायटर. कुणी बसलेलं नाही, तरी सगळे खडखडतायत. हाफटाइमची शिट्टी होते. कुणीतरी बादली आणतं. रवळू ओंजळीनं तोंडावर पाणी मारतो, मानेवर मारतो, मग फडकं सोडून ओल्या तळव्यांना माती चोळतो. चोळताना डोळे मिटून मारुतीचं नाव घेतो. हात चकाकायला लागतात.

मला कळतं. मी टेबलामागे आहे, समोरच्या खुर्चीत तो.

"अण्णा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? मारुतीच्या मातीनं घात केला म्हनू? वस्ताद त्या दिवशी जेवला न्हाई. तोंडावर टावेल घिऊन पडला हुता. त्याला जाऊन सांगू, तुझ्या तेलानं हारलो?"

"वस्ताद गेल्यावर तरी?"

"तवर मी जावईबापू झालतो की रं. जावईबापू सबब सांगतोय म्हनले असते. वर मेलेल्या मानसावर ढकलतोय."

"याला दुसरा कोणी साक्षीदार?"

"वस्ताद."

"ते गेले."

"मी बी गेलोय. माझं ऐकतोयस की."

"स्वप्नातल्या माणसाचं म्हणणं छापता येत नाही, अण्णा."

"गाडवा, मग गावानं बोललेलं कसं छापता येतंय? त्याला साक्षीदार कोन?"

टाइपरायटर थांबतात. नेमकं हेच वाक्य मी नलवड्यांना म्हणायला हवं होतं.

"मला जावईबापू म्हना, काय बी म्हना," तो आता हळू बोलतो. "मी हसून घालवायचो. पर गौरी म्हायेराला निघाली की यष्टीत कंडक्टर इचारायचा, काय वयनी, फुडची मॅच ठरवाय चाल्लाय? तिनं जायाचंच सोडलं. बा गेला तवा गेली ती उन्हं उतरल्यावर, दुसऱ्या गावाला यष्टीत चढून. आनि मला कधी इचारलं न्हाई. इतक्या वर्सांत एकदा बी न्हाई. तिलाबी मी मॅच दिली आसंच वाटत आसल काय रं?"

"विचारायचं होतं तुम्ही."

"भ्यालो."

नदीचा घाट. दगडांवर अकरा निळ्या जर्सी वाळत घातल्यात, बाह्या पसरून, जणू संघ उन्हाला पालथा पडलाय. सामना झाला की गौराक्काच त्या सगळ्या धुवायची. फायनलनंतर तिला कुणी धुवायला दिल्या नाहीत. रवळू पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभा राहून हात धुतोय. पाणी लाल होतं, हात स्वच्छ होत नाहीत.

"तू सगळं बघून लिवतोस म्हनं," तो म्हणतो. "आन हात हिकडं."

मी हात पुढे करतो. त्याचा तळवा गार आहे, खरखरीत, आणि मातीला हळदीचा, आंबट ताकाचा वास. तो माझ्या हाताला माती चोळतो. आजारी मुलाच्या पायाला तेल चोळावं तशी, सावकाश.

"आता धर बघू," म्हणून तो मागे सरतो आणि चेंडू फेकतो. चेंडू सरळ येतोय. साधा. अंगावर.

"अहो! उठा, छापखान्याचा माणूस आलाय," विमल, माझी बायको, स्वयंपाकघरातून हाक मारतेय.

पंखा फिरतोय. पानं फरशीवर पसरलीत. बाहेर ओट्यापाशी तो माणूस बुलेटचं स्टँड लावतोय. तोंड कोरडं पडलंय म्हणून उशाचा तांब्या उचलतो. तांब्या हातात धरलेला असतानाच निसटतो आणि घणघणत कॉटखाली जातो. पाणी पानांकडे वाहतं.

"काय पाडलं?"

मी हात उजेडात धरतो. तळव्याच्या रेषांत लाल माती भरलीय. दोन बोटं घासून बघतो, ती एकमेकांवरून सरकतात. वास घेतो. हळद, ताक, आणि खाली घाण्याचं तेल. मी सकाळपासून कुठे कुठे गेलो ते क्रमानं आठवतो. देवघर, बाजार, घर. या गावात आखाड्याची माती आता कुठेच नाही.

विमल दारात येते, ओली पानं बघते, माझा हात बघते. "हे काय लावून घेतलंत? थांबा, साबण देते."

"साबण नको. त्यांना चहा दे आणि थांबायला सांग."

"आणि तुम्ही?"

मी डाव्या हातानं चप्पल पुढे ओढतो. उजवा तसाच उघडा धरलाय, कशाला लागू नये म्हणून.

"गौराक्काला दाखवून येतो."