वारा सांगायचा, वाट नाही

मालिनी देवस्थळींकडे सल्ला मागायची वेळ कधी कुणावर आली नाही. तो आधीच देऊन झालेला असे. कोथरूडच्या सोसायटीत कुणी कोणता प्लंबर बोलवावा, कुणाच्या मुलाने कोणती शाखा घ्यावी, कोणत्या सुनेने माहेरी किती राहावं, हे सगळं बाई जिन्यात उभ्या उभ्या सांगून टाकत. नवऱ्याच्या, म्हणजे विवेकच्या नोकरीपायी नेदरलँड्समध्ये आल्मेरेला आल्या तेव्हा ही सवयही सामानाबरोबर आली. सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या बाईच्या टोपलीतले टोमॅटो बघून त्यांनी तिला मोडक्या डचमध्ये सांगितलं होतं की टोमॅटोच्या सारासाठी घेत असशील तर याहून पिकलेले घे. ती बाई हसली, म्हणून यांना वाटलं, चला, या देशालाही आपली गरज आहे.

वाईट हेतू कधीच नसे. ज्याच्यावर जीव जास्त त्याला सल्ला जास्त, असा सरळ कारभार होता. आणि सगळ्यात जास्त जीव होता संहितावर, एकुलत्या एका मुलीवर. तेव्हा तिच्या वाट्याला काय आलं असेल ते सांगायला नको.

संहिता नायमेखनच्या युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरच्या चिपचं तंत्रज्ञान शिकत होती. मागच्या वर्षी तिने ते मध्येच थांबवलं आणि हार्लेमच्या एका कारखान्यात चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करायला शिकू लागली. लाकूड, कातडं आणि शिशाच्या नळ्या. मालिनीताईंना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी मुलीला न विचारता, मराठी मंडळातल्या ओळखीने, नायमेखनच्याच एका कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला. तिकडून संहिताला फोन गेला. दिवाळीला ती घरी आली, फराळाच्या ताटाला हात न लावता बसली, आणि एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी मराठीत म्हणाली, "आई, तुला काही सांगितलं की ते माझं राहतच नाही."

मराठीत म्हणाली म्हणून ते जास्त लागलं. त्यानंतर ती वडिलांशी बोले, आई कशी आहे तेही विचारी. पण आईचा फोन उचलत नसे. मालिनीताईंना आता एकच हवं होतं. पोरीने आपणहून एकदा फोन करावा. आणि तो कसा यावा याबद्दल मात्र, जन्मात पहिल्यांदा, त्यांच्याकडे सल्ला नव्हता.

विमानांशी त्यांचा संबंध आला तो टिनेकेमुळे. सत्तरीची टिनेके आल्मेरेच्या वाचनालयात परदेशी बायकांना डच बोलायला शिकवी, आणि शनिवारी गाडी काढून वर उत्तरेला, समुद्राच्या बांधाजवळच्या एका विमानतळाचा कारभार बघे. विमानतळ म्हणजे काय, तर गवताची पट्टी, कडेला पॉपलरची रांग, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी आणि मोठ्या खिडक्यांची एक खोली. नेदरलँड्समध्ये आडरान म्हणावं असं फारसं उरलेलं नाही. पण इथे एका अंगाला बटाट्याची शेतं, दुसऱ्या अंगाला ओहोटीला चिखल होऊन पडणारा उथळ समुद्र, आणि त्यापलीकडे बेटं. ढगांच्या खालून येणाऱ्या लहान विमानांचा रेडिओवरचा आवाज लांबच्या मोठ्या केंद्रांना धड पोचत नाही. त्यांना आधार या खोलीतल्या रेडिओचा.

दिवाळीनंतर वर्गात बसूनही मालिनीताई तिथे नसतात, हे टिनेकेने ओळखलं आणि त्यांना शनिवारी सोबत न्यायला सुरुवात केली. आधी कॉफी करायला, मग खिडकीशी बसायला, मग परीक्षा देऊन रेडिओवर बोलायला. बोलायची एवढी हौस आहे तर कुणाच्या कामी तरी येऊ दे, असं तिचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी तिने नियम समजावला. आपण कंट्रोल टॉवर नाही, आपण हुकूम सोडत नाही. वारा किती, कुठून, ते सांगायचं. पट्टीची कोणती बाजू वापरात आहे, जवळपास आणखी कोण उडतंय, ते सांगायचं. उतरायचं की नाही हे विमानातला माणूस ठरवेल. वारा सांगायचा, वाट नाही.

मालिनीताईंनी मान डोलावली. पण जित्याची खोड ती. त्यांनी एका माणसाला वारा सांगितला आणि वर, अशा वाऱ्यात घरातून निघायलाच नको होतं, हेही सांगितलं. दुसऱ्याला, पाऊस येतोय, कॉफीला थांबू नका. एका बाईला तर, आवाज बसलेला वाटतो, गरम पाण्यात आलं घालून घ्या. टिनेके चष्मा काढून पुसत बसे. उतरलेली माणसं खिडकीशी येऊन हसून जात, आणि मालिनीताईंना वाटे, छान चाललंय आपलं.

हसला नाही तो योप. पंचाहत्तरी ओलांडलेला, जुन्या पिवळ्या विमानातून बेटावरच्या बहिणीला भेटून येणारा. एकदा आडव्या वाऱ्यात तो उतरायच्या बेतात असताना मालिनीताईंनी त्याला सांगितलं, इथे नको, समुद्रापासून लांब, आतल्या बाजूच्या मोठ्या विमानतळावर जा. मग पुन्हा सांगितलं. मग आवाज चढवून सांगितलं. तो उतरला, अगदी व्यवस्थित उतरला, विमानावर आच्छादन घातलं आणि खिडकीकडे न बघता निघून गेला. त्यानंतर त्याने रेडिओवर बोलणंच सोडलं. तिथे बोलायची सक्ती नव्हती, रीत होती. पिवळं विमान आता मुकाट्याने पॉपलरवरून येई आणि मुकाट्याने टेके. काय हट्टी म्हातारा आहे, असं मालिनीताई म्हणाल्या.

टिनेकेने त्यांना बोल लावला नाही. ती एवढंच म्हणाली, "मला सगळ्यात भीती वाटते ती गप्प विमानाची. बोलणी खाल्लेला माणूस सुधारत नाही, मालिनी. तो बोलायचा थांबतो."

परतीच्या वाटेवर आल्मेरे येईपर्यंत मालिनीताईंनी टिनेकेच्या गाडी चालवण्याबद्दल एकही सूचना केली नाही. टिनेकेला वाटलं, बाईला राग आला. राग कसला! त्यांच्या डोळ्यांपुढे योप नव्हताच; फराळाच्या ताटापुढे बसलेली पोरगी होती. इतकी लाज त्यांना स्वतःची आजवर वाटली नव्हती.

सुधारणेची सुरुवात घरातून झाली. विवेकने सकाळी विचारलं, जाकीट घालू का? मालिनीताई म्हणाल्या, बाहेर गार आहे, दुपारनंतर पाऊस. आणि थांबल्या. तो दारात वाट बघत उभा राहिला. पुढे काहीच येईना, तेव्हा त्याने काळजीने विचारलं, तुला बरं नाहीये का?

संहिताला त्या रोज जेवलीस का, वेळेवर झोप, त्या कोर्सचं बघ, असं काहीबाही पाठवत. ते बंद झालं. आता अधूनमधून एखादी ओळ जाई. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पालवी फुटली. बाबांनी सायकलचं पंक्चर स्वतः काढलं, हवा अजून जाते. रविवारी थालीपीठ आहे. प्रश्न नाही, 'कळव' नाही. एक ओळ लिहिली की तिच्यामागून चार आपोआप येत, आणि त्या पुसायला लिहिण्याहून जास्त वेळ लागे. उत्तर येत नसे. वाचल्याची खूण तेवढी येई.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. योप सकाळीच बेटाकडे गेला होता. टिनेके गावातल्या बेकरीतून पाव आणायला गेली आणि मालिनीताई खोलीत एकट्या राहिल्या. अशा उबदार दिवशी थंड समुद्रावरून अचानक धुकं चालून येतं. इथले लोक त्याला झेव्लाम म्हणतात आणि त्याचं नाव काढलं की आवाज खाली आणतात. आधी बांध दिसेनासा झाला. मग पॉपलरचं शेवटचं झाड गेलं, मग त्याच्या आधीचं.

आणि योपची यायची वेळ झालेली.

 मालिनीताईंनी आधी आतल्या बाजूच्या विमानतळाला फोन केला. तिकडे लख्ख होतं. मग रेडिओचं बटण दाबलं. बोलावं कुणाशी? जो बोलत नाही त्याला हाक कशी मारणार? त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी म्हणून सांगितलं: समुद्राकडून धुकं येतंय, उत्तरेची झाडं दिसत नाहीत, दक्षिणेला चर्चचा मनोरा अजून दिसतो, वारा मंद, आतलं विमानतळ मोकळं आहे. बटण सोडलं. खरखर. थोड्या वेळाने पुन्हा तेच सांगितलं, फक्त आता मनोराही अर्धाच दिसत होता. पुन्हा खरखर.

तिसऱ्यांदा सांगून झालं आणि योपचा आवाज आला. तो इतके दिवस बोलत नव्हता, पण ऐकत होता. बेट मागे पडलंय, खाली पाणी आहे, पुढे सगळं पांढरं दिसतंय, असं त्याने सांगितलं आणि माहिती मागितली.

मालिनीताईंच्या जिभेवर सगळं तयार होतं. वळ, मूर्खपणा करू नकोस, तुझी बहीण वाट बघत नसली तरी आम्ही बघतोय. त्यांनी ते गिळलं.  पाव घेऊन टिनेके दारात येऊन उभी राहिली होती. तिने खुर्चीकडे पाऊल टाकलं नाही. मालिनीताईंनी दिसतं ते सांगितलं, दिसत नाही ते सांगितलं, आतल्या विमानतळाचा वारा सांगितला, तिथे पट्टीवर कुणी नाही हेही सांगितलं. मग रेडिओवर विचारायचा जो एक प्रश्न असतो तो विचारला.

"काय ठरवलंय?"

उत्तर येईना. टेबलावरची कॉफी निवत होती आणि मालिनीताई बटणावरचं बोट महत्प्रयासाने लांब धरून बसल्या होत्या. माणसाला विचार करायला जागा लागते, आणि ती जागा आपणच बोलून भरून टाकत आलो, हे त्यांना त्या शांततेत समजलं.

योप म्हणाला, आत वळतो.

"समजलं," मालिनीताई म्हणाल्या. "मी इथेच आहे. ऐकतेय."

तिकडून तो सुखरूप उतरल्याचा फोन आला तेव्हा टिनेकेने पाव कापायला घेतला आणि पहिला तुकडा मालिनीताईंच्या हातात दिला. दुपारी धुकं विरल्यावर कुणाच्या तरी गाडीतून योप आला. खिडकीशी उभा राहून टोपी हातात फिरवत राहिला. तू तिकडे जा म्हणाली असतीस, तर मी इथेच उतरायला बघितलं असतं, असं तो म्हणाला. मग त्याने कॉफी मागितली. साखर किती घालतो हे बघूनही मालिनीताई काही बोलल्या नाहीत.

रात्री संहिताला कळवण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी एवढंच लिहिलं: आज धुकं होतं, एक विमान सुखरूप उतरलं. वाचल्याची खूण आली, आणि पुढचा अख्खा आठवडा काहीच नाही.

दुसऱ्या रविवारी त्या थालीपीठ थापत होत्या तेव्हा फोन वाजला. पडद्यावर संहिताचं नाव होतं. पिठाच्या हातानेच त्यांनी तो उचलला.

"आई, ते प्लेन कुणाचं होतं?" संहिताने विचारलं. मालिनीताईंनी योपची हकिगत सांगितली, आपण त्याला पूर्वी काय बोललो होतो तेसुद्धा, काही न लपवता. पलीकडे पोरगी हसली, मग थांबली. मग घाईघाईने, इंग्रजी-मराठीची खिचडी करत म्हणाली की कारखान्यात तिला पूर्णवेळ शिकाऊ म्हणून घ्यायला तयार आहेत, आणि युनिव्हर्सिटीनेही सप्टेंबरपासून परत ये म्हटलंय. दोन्हीकडे जून संपायच्या आत सांगायचंय.

मालिनीताईंकडे दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखं इतकं होतं की थालीपीठ करपलं असतं. त्यांनी गॅस बारीक केला.

"आल्मेरेहून हार्लेमला ट्रेनने जाता येतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या नायमेखनच्या खोलीवरून लांब पडेल. तुझी इथली खोली रिकामी आहे. बाबांनी तिथे इस्त्रीचं टेबल ठेवलंय, ते काढता येईल. आणि परत शिकायला गेलीस तरी ती खोली तुझीच आहे." मग श्वास घेतला. "काय ठरवलंयस?"

हा प्रश्न त्यांनी मुलीला आजवर कधी विचारला नव्हता. संहिताला तो ऐकून काय वाटलं कोण जाणे. बराच वेळ तिचा नुसता श्वास येत राहिला. मालिनीताईंनी ती शांतता तशीच राहू दिली.

"अजून नाही ठरलं," संहिता मराठीत म्हणाली. "ठरलं की तुला पहिल्यांदा सांगीन. पण अजून थोडं बोलू का?"

मालिनीताईंनी तव्याखालचा गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसल्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."